इथिओपियन बीफच्या रश्शात चीज कुठून आलं?

‘इथिओपियन पद्धतीचं बीफ-चीज स्ट्यू’ या नावाने ज्या पाककृती फिरतात, त्यांत अनेकदा बर्बरे मसाल्यात शिजलेलं बीफ असतं आणि शेवटी त्याच पातेल्यात चीज ढवळलेलं असतं. अदिस अबाबातल्या घरांत मात्र हे दोन वेगळे पदार्थ आहेत. लालभडक सिगा वॉट, म्हणजे बीफचा रस्सा, आणि पांढरंशुभ्र अयिब, म्हणजे तिथलं ताजं चीज, एकाच इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीवर, शेजारी शेजारी वाढतात. ते एका पातेल्यात गेले असावेत ते देशाबाहेर, आणि तेही अलीकडे.

जुना भाग थोडक्यात. मिरची अमेरिकेतली, त्यामुळे बर्बरेचं आजचं रूप सोळाव्या शतकाच्या मागे जात नाही. याच शतकात, १५४१ साली, गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज आरमाराने मस्सावा बंदरात सुमारे ४०० सैनिक उतरवले होते. लाल समुद्र आणि आपला पश्चिम किनारा यांच्यातला व्यापार तर त्याहूनही जुना. मिरची यांपैकीच एखाद्या वाटेने आली असावी. बर्बरेत मिरचीसोबत ओवा, मेथी, आलं, लसूण आणि बऱ्याचदा कलौंजी असते. आपल्याला अनोळखी वाटेल तो कोरारिमा, म्हणजे तिथला स्थानिक वेलदोडा.

बीफच्या इतिहासात १८८७ हे वर्ष दोन कारणांसाठी महत्त्वाचं. अदिस अबाबालगतच्या एन्टोटोच्या डोंगरावर नव्या चर्चच्या निमित्ताने राणी टायटूने (ती पुढे सम्राज्ञी झाली) प्रचंड मेजवानी दिली. वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ तिथे एका पंगतीला आले, आणि इथिओपियाच्या ‘राष्ट्रीय’ स्वयंपाकाची सुरुवात काही अभ्यासक तिथूनच धरतात. त्याच वर्षी इटालियन फौजेने भारतातून मस्सावाला आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीची साथ शिरली. पुढच्या चार-पाच वर्षांत देशातली ९० टक्क्यांपर्यंत गुरं मेली, नांगराला बैल उरले नाहीत आणि भीषण दुष्काळ पडला. या स्वयंपाकाबद्दल लिहिताना मेजवानीची आठवण सगळे काढतात, साथीची फार थोडे. बैल कापणं हा तिथे आजही मोठा प्रसंग असतो. सणाला शेजारची घरं मिळून एक बैल विकत घेतात आणि वाटे करतात, त्याला किर्चा म्हणतात.

सण म्हणायचं कारण उपास. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे ५५ दिवस मांस, दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य. म्हणजे बीफ आणि चीज एकत्रच सुटतात आणि एकत्रच परततात. मांसाबरोबर दुधाचं चालत नाही, असा नियम इथे आड येत नाही. मग चीज पातेल्यात का घालत नाहीत?

वाद इथेच आहे. अयिब बनतं कसं हे पाहिलं की बरंचसं उलगडतं. विरजलेलं दूध घुसळून लोणी काढतात. उरलेलं ताक मंद आचेवर तापवतात, चोथा वर आला की निवू देतात आणि गाळतात. लोण्यात कोरारिमा, मेथी, हळद, लसूण घालून कढवलं की निटर किब्बे होतं आणि ते वॉटमध्ये पडतं. थोडक्यात, एकाच दुधातला स्निग्धांश पातेल्यात जातो आणि बाकीचं ताटात येतं. अयिबमध्ये चरबी नावापुरती, मीठही बेताचंच. ते वितळत नाही, रश्शात उकळलं तर कणीदार होऊन बसतं. त्याचं काम बर्बरेचा जाळ शमवण्याचं, आणि ते थंड असतानाच होतं.

उलट बाजूही आहे. गुरागे लोकांच्या किटफोत बारीक चिरलेल्या कच्च्या बीफसोबत अयिब असतंच, आणि पालेभाजीत तर ते सर्रास कालवतात. शिवाय इंजेराचा घास घेताना सगळं एकत्र होतंच, मग पातेल्यात काय बिघडलं? तरी मला पहिली बाजू पटते. कालवणं वेगळं, शिजवणं वेगळं.

पातेल्यातलं चीज हे परदेशातल्या अडचणीतून आलं असावं. १९७४च्या क्रांतीनंतर लोक मोठ्या संख्येने देश सोडून गेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वॉशिंग्टनमध्ये इथिओपियन खानावळी दिसू लागल्या, आणि अमेरिकेच्या १९८०च्या निर्वासित कायद्यानंतर तिथली वस्ती वाढत गेली. तिथे अयिब मिळेना, म्हणून कॉटेज चीज, रिकोटा, फेटा वापरात आले. कॉटेज चीज गोडसर, फेटा खारट, रिकोटा मऊ. शेजारी वाढलं तर हा फरक जाणवतो, रश्शात ढवळलं की लपतो. पुढे इथिओपियाशी संबंध नसलेल्या पाककृती लिहिणाऱ्यांनी वितळणारं चीजही आणलं. त्याने रस्सा दाट होतो खरा, पण वॉटचा दाटपणा कांद्याचा असतो. भरपूर बारीक चिरलेला कांदा तेला-तुपाशिवाय, लागलंच तर पाण्याचा हबका मारत, पार विरघळेपर्यंत परतायचा आणि मग निटर किब्बे घालायचं. घाईच्या पाककृतींत पहिली काटछाट या वेळेवरच होते, आणि चीज ती उणीव झाकतं.

महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीपासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे इथे हा रस्सा करायचा तर म्हशीचं मांस किंवा मटण. मटणाने काही बिघडत नाही, मेंढीच्या मांसाचं वॉट तिथेही घरोघरी होतं. अयिबसाठी पनीर आणू नये, ते सायीच्या दुधाचं आणि जड असतं. घरी लोणी काढून उरलेलं आंबट ताक न ढवळता मंद आचेवर ठेवावं, चोथा सुटला की निवू द्यावं आणि फडक्यात बांधून टांगावं. वाढताना ते वेगळ्या वाटीत, गारच ठेवावं.