मन उडालंय की दुखतंय?

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही चौघी रोज सकाळी फिरतो, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. परवा एकजण म्हणाली, "माझं आता त्यातलं मनच उडालंय गं. हे हॉलमध्ये झोपतात, मी आत." मी विचारलं, "मन उडालंय, की दुखतं?" ती थांबलीच. बुटाची नाडी बांधायला वाकली आणि खाली बघतच म्हणाली, "दुखतं. मिरची लागल्यासारखी आग होते."

मग ते मन उडणं नव्हेच, तो कोरडेपणा. पाळी गेली की इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं मुख्य हार्मोन, घटतं, योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो. संबंधाच्या वेळी आग होते, एरवीही खाज सुटते, वरचेवर लघवीला जळजळतं. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांनी ओसरतात. हा त्रास मात्र उपचार केला नाही तर सहसा वाढतच जातो. 'वय झालं, चालायचंच' म्हणत आपण बायका तो अंगावर काढतो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण उपाय साधे आहेत: संबंधाच्या वेळी लुब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारं बुळबुळीत जेल, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. ते रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा ठिपका जरी दिसला, तरी 'कोरडेपणाच असेल' असं घरच्या घरी ठरवायचं नाही, तपासून घ्यायचं.

मन खरंच उडालं असेल तर दुखत काही नाही, विचारच मनात येत नाही. त्यामागे कधी नैराश्य असतं, कधी नैराश्यावरच्याच गोळ्या, थायरॉइड, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी रात्र रात्र जागणं, नाहीतर नवऱ्याशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला. तिथे क्रीम काय करणार? इच्छा नाही आणि त्याची खंतही नाही, तर तो आजारच नव्हे.

गुंता होतो तो पुढे. दुखेल या धास्तीनं अंग आखडतं, मग खरंच नकोसं वाटायला लागतं, आणि नवरा समजतो, मीच नकोसा झालो. म्हणून आधी दुखण्याचं बघावं.

बुधवारी आम्ही दोघी डॉक्टरांकडे जातोय. "काय सांगू गं त्यांना?" म्हणाली. म्हटलं, मिरचीचं सांग, जसं मला सांगितलंस तसंच.