बोलणारा फोन, मुके खेळ : सीमाभागातल्या अंध मोबाइलधारकांमागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या अंध तरुणांच्या हातात आज स्मार्टफोन दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. व्हॉट्सॲप, बँकेचा ओटीपी, यूपीआयचे पैसे, बसचौकशी, सगळं कानांनी चालतं. अडतं ते खेळापाशी. घरातला धाकटा भाऊ ज्या गेममध्ये रमलेला असतो तोच गेम यांच्याही फोनवर उतरतो, उघडतो, संगीत वाजतं; पण पडद्यावर बोट कुठेही फिरवा, फोन तोंडातून शब्द काढत नाही. बँकेचं ॲप बोलतं आणि गेम का बोलत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी फोनला वाचा कशी फुटली ते पाहावं लागतं.

दोन हजारच्या दशकात अंधांचा फोन म्हणजे नोकिया. सिम्बियन प्रणालीच्या फोनांवर 'टॉक्स' किंवा स्पेनमधल्या कोड फॅक्टरी कंपनीचं 'मोबाइल स्पीक' बसवलं की मेनू, मेसेज, नावं ऐकू येत. बटणं खरी होती, पाचच्या बटणावर उंचवटा असायचा, त्यामुळे बोटांना पत्ता सापडायचा. मात्र हे सॉफ्टवेअर फोनसोबत येत नसे. त्याचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागे आणि तो स्वस्त नव्हता. वाचणारा आवाजही इंग्रजी. म्हणून मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहायचे आणि परदेशी धाटणीच्या उच्चारांत ऐकायचे, अशी सवय त्या पिढीला लागली.

मग टचस्क्रीन आली आणि बटणं गेली. गुळगुळीत काचेवर बोटाला काय कळणार, ही भीती साधार होती. तिला उत्तर मिळालं ते २००९ साली. त्या वर्षी जूनमध्ये आलेल्या आयफोन ३जीएसमध्ये ॲपलने व्हॉईसओव्हर हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फोनमध्येच घालून दिला. त्याच वर्षी अँड्रॉइड १.६ सोबत तेच काम करणारं गूगलचं टॉकबॅक आलं.

गूगलमधल्या या कामामागे जी माणसं होती त्यांतलं एक नाव आपल्या जवळचं आहे. टी. व्ही. रमण यांचा जन्म पुण्याचा. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्यात गणित, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट आणि २००५ पासून गूगल, असा त्यांचा प्रवास. ब्रेल खुणांचा रुबिक क्यूब झटपट सोडवणारा हा माणूस. टचस्क्रीनवर नंबर कसा लावायचा, यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली तोड मला आजही थक्क करते. बोट काचेवर जिथे टेकेल तिथे पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. बटण शोधायला बोटाने जायचंच नाही, बटणानेच बोटाखाली यायचं. ज्याने वर्षानुवर्षं वस्तू चाचपून ओळखल्या, त्यालाच हे सुचू शकतं.

अँड्रॉइड ४.० मध्ये, म्हणजे २०११ साली, 'स्पर्शाने शोध' ही सोय आली आणि आजची पद्धत रुळली. बोट फिरवत न्यायचं, खाली काय आहे ते ऐकायचं, हवं ते सापडलं की पडद्यावर कुठेही डबल टॅप. सरावलेला माणूस आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवतो की शेजारच्याला नुसती चिवचिव ऐकू येते.

आयफोन आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा होता. स्वस्त अँड्रॉइड फोन आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे उतरलेले डेटाचे दर, या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा टॉकबॅक खेड्यापर्यंत पोहोचलं. ते फोनमध्ये फुकट आणि आधीपासून होतं, ही त्यातली कळीची बाब. वेगळं विकत घ्यावं लागलं असतं तर ते शहरातल्या नोकरदारांपुरतंच राहिलं असतं.

फोन बोलायला लागला, पण कुठल्या भाषेत? सीमाभागात हा प्रश्न दुहेरी आहे. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, फोनचे मेनू इंग्रजीत. वीजबिलाचा मेसेज एका लिपीत, आत्याचा निरोप दुसऱ्या लिपीत. डोळस माणूस दोन्हींवरून नजर फिरवतो आणि पुढे जातो. स्क्रीन रीडरला मात्र प्रत्येक लिपीसाठी वेगळा आवाज लागतो. तसा आवाज नसेल तर रीडर मजकूर गाळतो किंवा अक्षरांची नावं पुटपुटतो.

आधी इंग्रजी आवाज आले, मग हिंदी. देवनागरी दिसली की फोन हिंदी आवाज लावायचा आणि ज्ञानेश्वरांचे 'ग्यानेश्वर' व्हायचे. ईस्पीक या मुक्त सॉफ्टवेअरने मराठी आणि कन्नड दोन्ही वाचून दाखवल्या, तेही फुकट. त्याचा आवाज यांत्रिक, खरखरीत, पण ज्यांनी तो वापरला त्यांना तो परका वाटत नाही. पुढे गूगलच्या वाचन-इंजिनात मराठी व कन्नड आवाज आले. ॲपलने २०२२ च्या आयओएस १६ मध्ये हे दोन्ही दिले, म्हणजे व्हॉईसओव्हर आल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी.

या बाबतीत ब्रेल फार पुढे होतं. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये सगळ्या भारतीय भाषांच्या समान उच्चारांना सहा टिंबांच्या चौकटीतली समान टिंबं दिली आहेत. मराठी 'क' पहिल्या आणि तिसऱ्या टिंबाचा, कन्नड 'क' सुद्धा त्याच टिंबांचा. बेळगावातल्या डोळस मुलाला शाळेत दोन लिप्या गिरवाव्या लागतात. अंध मुलाच्या बोटांना एकच पुरते. लिपीवरून इथे किती डोकी फुटली आहेत हे आठवलं की या सहा टिंबांचं मोल जास्तच जाणवतं.

आणखी एक अडथळा आपणच उभा केलेला आहे. वर्षानुवर्षं मराठी छपाई श्रीलिपीसारख्या आणि कन्नड छपाई नुडीसारख्या फाँटवर झाली. त्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. त्यामुळे मंडळाची कार्यक्रमपत्रिका किंवा शाळेची पीडीएफ उघडली की अर्थहीन अक्षरांची बरसात होते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेला तोच मजकूर टॉकबॅक सरळ वाचतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सूचनांच्या फोटोंचंही तसंच. चित्रातली अक्षरं ओळखणारी ॲप्स आता आहेत, पण दोन ओळी टाइप करून टाकल्या तर त्या ॲपची गरजच पडत नाही.

आता खेळाकडे येऊ. कानांनी खेळणं मोबाइलने शिकवलेलं नाही. १९२२ च्या सुमारास मेलबर्नमध्ये अंध कामगारांनी डब्यात खडे घालून क्रिकेट सुरू केलं. आज छर्रे घातलेला खुळखुळणारा प्लास्टिकचा चेंडू असतो, बॉलर 'प्ले' असं ओरडून खालून चेंडू सरपटत टाकतो. भारतात या खेळाला उभारी देणाऱ्यांत बेळगाव जिल्ह्यातून बंगळूरला गेलेले महांतेश जी. के. आहेत. १९९७ साली दिव्यांगांसाठी सुरू झालेल्या समर्थनम ट्रस्टचे ते संस्थापक. अंधांचा पहिला टी-२० विश्वचषक २०१२ मध्ये बंगळूरलाच झाला आणि भारताने जिंकला. बुद्धिबळाच्या पटाला भोकं आणि सोंगट्यांना खुंट्या ही सोय तर त्याहून जुनी.

व्हिडिओ गेममध्येही हा विचार आधीच झाला होता. जपानच्या केंजी एनो यांनी १९९७ मध्ये 'रिअल साउंड' हा चित्रच नसलेला गेम काढला, अंध आणि डोळस दोघांनी बरोबरीने खेळावा म्हणून. फोनवर मोठी उडी २०१० च्या डिसेंबरात आली. लंडनमध्ये तयार झालेल्या 'पापा सांग्रे'मध्ये पडदा जवळपास रिकामा होता. खालच्या बाजूला डावा आणि उजवा पाय; आळीपाळीने टॅप केलं की पावलं पडतात, घाई केली की माणूस अडखळतो. हेडफोनमध्ये राक्षसाचा श्वास डावीकडून येतो. डाव्या कानाला तो किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. सगळा खेळ या फरकावर उभा. २०१५ मध्ये फ्रान्सच्या डोविनो कंपनीने 'अ ब्लाइंड लेजंड' फुकट दिला. त्यात आंधळा योद्धा लेकीच्या आवाजामागे चालतो. असे गेम खेळणारे साधे वायरचे हेडफोन पसंत करतात, कारण ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्यात तलवार लागते.

हे गेम मुळातच ऐकण्यासाठी बनले. बाजारातले नेहमीचे गेम मुके राहण्याचं कारण तांत्रिक आहे. बँकेच्या ॲपमधलं बटण अँड्रॉइडच्या ओळखीचं असतं, त्याला नाव असतं, टॉकबॅक ते नाव विचारून घेतं. युनिटीसारख्या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, बनलेला गेम मात्र सगळा पडदा स्वतः रंगवतो. अँड्रॉइडच्या लेखी तिथे एकच मोठं चित्र असतं. फासा कुठे, सोंगटी कुठे, 'खेळा' हे बटण कुठे, कशालाच नाव नाही. युनिटीने २०२३.२ आवृत्तीपासून मोबाइल स्क्रीन रीडरशी जोडणीची सोय इंजिनातच दिली आहे. पण ती गेम बनवणाऱ्याने वापरली तरच उपयोग, आणि जुन्या गेमना ती आपोआप लागू होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, अंमल एप्रिल २०१७ पासून. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम असावा, हे त्याच्या ४२व्या कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगमतेचे किमान नियम सक्तीचे करायला सांगितलं आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा दुसरा खटला केवायसीवरून, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या डिजिटल प्रक्रियेवरून होता. खेळाचा विषय तिथवर पोहोचलेलाच नाही.

खेळ म्हणजे चैन, आधी बँक आणि परीक्षा, असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. डबल टॅप, दोन बोटांनी सरकवणं, आवाजावरून जागा ओळखणं हे हात पोरं खेळताखेळताच बसवतात. डोळस मुलंही फोन तसाच शिकली. आणि संध्याकाळी कट्ट्यावर सगळे मिळून एक गेम खेळत असताना एकाने नुसतं ऐकत बसावं, हे नुकसान बँकेच्या ॲपने भरून निघणारं नाही.

नावाजलेले ऑडिओ गेम अजून बहुतेक इंग्रजीत बोलतात. पण प्रश्नमंजूषा, शब्दकोडी, गोष्टीत पुढे काय करायचं ते निवडायचे खेळ यांना ना दिशा दाखवणारा त्रिमितीय आवाज लागतो, ना मोठं भांडवल. मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि प्रत्येक बटणाला नाव हवं. बाकीचं काम फोनमधला मराठी किंवा कन्नड आवाज करतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला दर साली प्रकल्प करावेच लागतात. दोन्ही भाषांत बोलणारा एक गेम त्यातून निघू शकतो, आणि तो तपासून द्यायला याच जिल्ह्यात खेळाडू आहेत.