आश्रमशाळा (महाराष्ट्र)

आश्रमशाळा म्हणजे दुर्गम भागातील आदिवासी मुलामुलींसाठी शासनाने चालवलेली किंवा शासकीय अनुदानावर चालणारी निवासी शाळा. राहणे, जेवण, गणवेश, वह्या-पुस्तके मोफत असतात. नंदुरबार-पालघरपासून मेळघाट-गडचिरोलीपर्यंत अशा हजाराहून अधिक शाळा आहेत. सुमारे निम्म्या शासकीय, बाकीच्या स्वयंसेवी संस्थांच्या. गडचिरोलीतील हेमलकशाची लोक बिरादरी आश्रमशाळा (१९७६) ही दुसऱ्या प्रकारातली.

मूळ कल्पना सरकारची नव्हे. समाजसेवक ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये आजच्या गुजरातमधील दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापले आणि भिल्ल मुलांसाठी आश्रम काढले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला उलट वाट धरली : गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच रानात नेली, ती कुरणशाळा. शासनाने मात्र निवासी वाट निवडली आणि १९७०च्या दशकापासून ती रुंद केली. १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला. आश्रमशाळांचा कारभार याच विभागाकडे आहे, शिक्षण खात्याकडे नाही. नाशिकचे आयुक्तालय आणि त्याखालचे प्रकल्प अधिकारी तो पाहतात.

निवासी शाळेला सबळ कारण आहे. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात ओढे अडवतात. भाताची झोडणी उरकली की अनेक आईबाप वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात. वसतिगृह नसेल तर मूलही त्यांच्याबरोबर जाते आणि वर्ष बुडते.

पण सहा वर्षांचे मूल ठेवून घेतले की शासन त्याचे पालक होते. रात्री ताप चढला, साप चावला, तर जवळ असतात ते अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी (पडेल ते काम करणारे), डॉक्टर दूर. आश्रमशाळांतील मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा पंधरा वर्षांतले मृत्यू हजाराच्या वर गेलेले होते. मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षिका, नियमित आरोग्य तपासणी, दाराला कडी असलेले न्हाणीघर या गोष्टी इमारतीच्या रंगरंगोटीआधी हव्यात.

दुसरी अडचण भाषेची. पहिलीतले मूल पावरी, कोरकू, माडिया किंवा वारली बोलते. पुस्तक प्रमाण मराठीत असते. मूल गप्प बसते आणि ‘मंद’ ठरते. बोली जाणणारा शिक्षक लाभला तर काही महिन्यांत तेच मूल बोलू लागते. त्या शिक्षकाची बदली झाली की पुढची पहिली पुन्हा गप्प.