पिशवी परत कोण घेणार? प्लास्टिकबंदीची पार्श्वभूमी

आरे दूध वसाहत 1949 साली उभी राहिली. तिथलं दूध मुंबईत काचेच्या बाटल्यांतून घरोघर जाऊ लागलं. केंद्रावर रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. वाण्याकडे साखर रद्दीच्या पुड्यात दोऱ्याने बांधून मिळे आणि तेलाला घरची बरणी न्यावी लागे. वेष्टनाला पैसे पडत, म्हणून ते जपून वापरलं जाई. कॅरीबॅग आली ती फुकट, आणि परत घेण्याची सवयच मोडली.

कायदा मात्र जाडीच्या मागे लागला. केंद्र सरकारने 1999 मध्ये किमान 20 मायक्रॉनची अट घातली. कारण साधं होतं: पातळ पिशव्या दिवसभर वेचल्या तरी वजन भरत नाही, म्हणून कचरावेचक त्यांना हात लावत नाहीत आणि त्या नाल्यात जातात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. भरती, मिठी नदीवरची अतिक्रमणं, जुनी गटारं ही कारणं होतीच, पण तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरल्या. 2006 मध्ये राज्याने मर्यादा 50 मायक्रॉनवर नेली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीवालीने तो बोटांनी कसा ओळखायचा?

23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने जाडीचा घोळच संपवला आणि कॅरीबॅगवर सरसकट बंदी आणली. पहिला दंड 5000 रुपये, दुसरा 10000, तिसऱ्यांदा 25000 आणि तीन महिने कैद. 23 जूनपासून कारवाई सुरू झाली, आणि काही दिवसांतच किराणा पॅकिंगला सवलतही मिळाली. केंद्राने पुन्हा जाडीचाच रस्ता धरला: सप्टेंबर 2021 अखेरीस 75 मायक्रॉन, 2022 संपताना 120. मधल्या काळात, 1 जुलै 2022 पासून, स्ट्रॉ, प्लेट, चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या.

माझ्या मते 2018 च्या अधिसूचनेतलं सर्वांत मोलाचं कलम दंडाचं नव्हतं. दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परताव्याची किंमत छापावी आणि पिशवी परत घ्यावी, असं त्यात होतं. आरेच्या बाटलीचीच ही रीत. ती गल्लीतल्या दूध केंद्रापर्यंत रुजली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अजूनही कित्येक घरांत दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागे वाळत घालतात आणि महिन्याने रद्दीवाल्याला किलोवर देतात. कापलेला कोपरा तेवढा मोरीतून वाहून जातो.