शर्कराकंदाला मिठाचं खत: खान्देशात करून पाहावं का?

शर्कराकंदाला, म्हणजे साखर काढायच्या बीटाला (शुगर बीट), खत म्हणून मीठ घालतात, हे ऐकून तापीकाठचा शेतकरी दचकेल. त्याचं दचकणं रास्तच आहे. पण इंग्लंडात ही जुनी आणि प्रयोगांनी तपासलेली पद्धत आहे. या पिकाचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकाठी वाढतो. सोडियम पेशींत साठवून त्याच्या जोरावर पाणी ओढण्याची सवय शर्कराकंदाला तिथूनच आली. पोटॅशचं थोडं कामही सोडियम करतं. पानं लवकर पसरतात, पाण्याचा ताण पडला तरी तग धरतात, आणि साखर तर पानांतच तयार होते. हेक्टरी ४०० किलो मिठातून सुमारे १५७ किलो सोडियम मिळतं. कोवळ्या रोपांना मात्र खारटपणा सोसत नाही, म्हणून मीठ पेरणीच्या बरंच आधी टाकून नांगरतात.

माझी काळजी पिकाची नाही, जमिनीची आहे. मातीच्या अर्काची क्षारता, म्हणजे त्यातला खारटपणा (तो अर्कातून वीज किती वाहते यावरून मोजतात), ७ डेसीसायमन प्रति मीटर होईपर्यंत शर्कराकंदाचं उत्पादन सहसा घटत नाही, उसाचं १.७ नंतरच घटू लागतं. पण आपल्या काळ्या मातीत चिकणकण भरपूर. कॅल्शियममुळे ते एकमेकांना धरून असतात. सोडियम शिरलं की ते सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजतात. मग पाऊस वरच तुंबतो आणि वाळल्यावर ढेकळं फुटता फुटत नाहीत. हीच चोपण जमीन, आणि तापी-पूर्णा खोऱ्यात ती आधीच आहे.

घरी पाहायचं असेल तर मातीचा वाळलेला छोटा खडा पावसाच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा आणि हलवू नका. खडा नुसता ढासळला तर ठीक. काही तासांत त्याच्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर तिथे मीठ मुळीच नको; आधी मातीची तपासणी, मग गरजेप्रमाणे जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) आणि निचरा.

खडा स्वच्छ राहिला तरी प्रयोग लहान वाफ्यांतच करावा. काही वाफ्यांना काहीच नाही, काहींना मीठ, काहींना पोटॅश, काहींना दोन्ही. प्रत्येक प्रकार चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी. नाहीतर बांधाजवळच्या ओलीचं श्रेय मिठाला जातं. कंदाचं वजन आणि साखर दोन्ही मोजावीत, कारण कंदात उतरलेलं सोडियम कारखान्यात साखरेचे दाणे पडू देत नाही, ती मळीत जाते. काढणीनंतर त्याच वाफ्यांतली माती पुन्हा तपासावी. तिथे पुढे केळी लावायची असेल तर हा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण केळीला खारटपणा अजिबात मानवत नाही.