खुनी निवेदक आणि वेडेपणाचा पुरावा : एडगर ॲलन पो यांच्या कथांची पार्श्वभूमी

अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो यांची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा जानेवारी १८४३ मध्ये बॉस्टनच्या ‘द पायोनियर’ मासिकाच्या पहिल्याच अंकात प्रसिद्ध झाली. एका म्हाताऱ्याला मारून त्याचे प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवणारा निवेदक आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी एकच पुरावा पुन्हा पुन्हा पुढे करतो : हे सारे आपण किती शांतपणे आणि किती आखून केले. आजच्या वाचकाला ही भ्रमिष्टाची बडबड वाटते. परंतु त्या काळी न्यायालयांत नेमक्या याच मुद्द्यावर माणसाचे मरण-जगणे ठरत होते.

वेडा म्हणजे ज्याची विवेकबुद्धी पूर्णपणे गेली आहे तो, ही जुनी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ढासळू लागली होती. इंग्रज वैद्य जेम्स प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये अशा वेडाचे वर्णन केले, ज्यात बुद्धी शाबूत राहते आणि भावना व नीती तेवढी बिघडते. १८४० मध्ये फिलाडेल्फियात जेम्स वुड या इसमावर स्वतःच्या मुलीच्या खुनाचा खटला चालला आणि वेडाच्या कारणावरून तो सुटला. त्या शहरात राहणाऱ्या पो यांनी एका साप्ताहिकात या खटल्यावर लिहिताना म्हटले, की पिस्तुले विकत घेताना वुडने दाखवलेला शांतपणा सरकार पक्ष शहाणपणाचा पुरावा मानत असला, तरी जाणकार वैद्य त्यातच वेड पाहील, कारण वेड्याची धूर्तता शहाण्याला चकवते. हे टिपण मला फार मोलाचे वाटते. सुमारे तीन वर्षांनी छापलेल्या ‘द टेल-टेल हार्ट’मधला निवेदक तोच पुरावा स्वतःच्या बाजूने मांडतो आणि त्यातूनच उघडा पडतो.

खुन्याच्या कबुलीजबाबाची परंपरा मात्र याहून जुनी आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशात सतराव्या शतकापासून फाशीच्या प्रसंगीची प्रवचने आणि खुन्यांचे जबाब छापले जात, आणि त्यांत अपराधी देवापुढे पश्चात्ताप करून मरत असे. याच प्रदेशातील सेलम येथे १८३० मध्ये जोसेफ व्हाइट या वृद्ध व्यापाऱ्याचा झोपेतच खून झाला. त्या खटल्यात वकील डॅनियल वेबस्टर यांनी सरकार पक्षाच्या भाषणात, मनातले गुपित खुन्यालाच कसे गिळत जाते याचे जे चित्र रंगवले, ते पो यांच्या कथेचा एक उगम असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या १८४० मधील एका छोट्या कथेत खुनी माणूस मुलाला पुरलेल्या जागेवरच खुर्ची टाकून पाहुण्यांशी गप्पा मारत बसतो, आणि पो यांनी तिची दखल आपल्या परीक्षणात घेतली होती.

पो यांनी या साऱ्यातून देव आणि धर्मोपदेशक बाजूला काढले. ऑगस्ट १८४३ च्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये दारूने बिघडलेला नवरा पोलिसांसमोर फुशारकीने, बायकोचे प्रेत जिच्यात चिणले त्याच भिंतीवर काठी आपटतो. १८४५ च्या ‘द इम्प ऑफ द पर्व्हर्स’मध्ये तर पश्चात्तापही उरत नाही; करू नये तेच करण्याची ओढ निवेदकाला भररस्त्यात खुनाची कबुली द्यायला लावते. १८४६ च्या ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’मधला निवेदक पन्नास वर्षांनी, पकडला न जाता, एका माणसाला तळघरात भिंतीआड चिणून केलेल्या खुनाची हकिकत सांगतो. भिंतीचा शेवटचा दगड बसवण्यापूर्वी मन विटल्याचे तो ओझरते नमूद करतो आणि त्याचे कारण तळघराचा ओलावा असल्याचे लगेच जोडून देतो. तेथे अपराधभाव आहे की नाही, यावर अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही.