वायादोलिद : पाण्यापाशी वसलेल्या गावाची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या युकातान राज्यातील वायादोलिद या वसाहतकालीन गावी मुक्काम करणारे प्रवासी एका दिवशी चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीचे अवशेष पाहतात आणि दुसऱ्या दिवशी सेनोते नावाच्या नैसर्गिक कुंडांत पोहतात. एक इतिहासाची सहल आणि दुसरी निसर्गाची, अशी ही विभागणी सोयीची असली तरी खरी नाही, कारण येथील देवळे, मठ आणि वस्त्या या सर्वांच्या जागा पाण्यानेच ठरवल्या आहेत.

उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. पावसाचे पाणी चुनखडीच्या खडकात झिरपते, हजारो वर्षे तो खडक विरघळवत राहते, आणि अशा रीतीने तयार झालेल्या पोकळीचे छत कोसळले की खालचे पाणी उघडे पडते. येथील मूळ रहिवासी असलेल्या माया लोकांच्या भाषेत अशा कुंडाला 'त्सोनोत' म्हणत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे सेनोते झाले. चिचेन इत्सा या नावाचा अर्थच 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे. तेथील सुमारे ३० मीटर उंचीच्या पिरॅमिडखालीही पाण्याची पोकळी असल्याचे मेक्सिकन संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केले.

पिरॅमिडपासून उत्तरेकडे गेलेला मार्ग पवित्र सेनोतेपाशी संपतो. सुमारे ६० मीटर व्यासाच्या या कुंडात पर्जन्यदेव चाक याला नैवेद्य अर्पण होत असे, आणि अवर्षणात माणसेही बळी दिली जात, असे दिएगो दे लांदा या धर्मगुरूने सोळाव्या शतकात लिहून ठेवले. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी अधिकाऱ्याने कुंडाचा तळ उपसला, तेव्हा सोने, हरितमणी, धूप आणि लहान मुलांसह अनेकांची हाडे वर आली. त्यातील पुष्कळ ऐवज गुपचूप हार्वर्डच्या संग्रहालयात पोहोचला आणि पुढे त्याचा काही भागच परत मिळाला. त्या काठावर उभे राहताना ही लूटही आठवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

स्पॅनिश लोकांनी वायादोलिद प्रथम १५४३ मध्ये दुसऱ्याच ठिकाणी वसवले होते. तेथील दमट हवेला आणि डासांना कंटाळून १५४५ मध्ये त्यांनी ते सासी या माया गावावर आणले. सासीचे सेनोते आजही गावाच्या मध्यात आहे. देवळे मात्र पाडली गेली आणि त्यांचे दगड नव्या इमारतींत गेले. १५५२ मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी सान बेर्नार्दिनोचा मठ बांधायला घेतला, तोही एका सेनोतेच्या वरच, आणि त्यातील पाणी काढण्यासाठी पुढे तेथे रहाट बसवण्यात आला. या मठाच्या सेनोतेत पाणबुड्यांना बंदुका आणि एक तोफ सापडली. त्या शस्त्रांचा संबंध १८४७ मध्ये पेटलेल्या माया उठावाशी जोडला जातो. मानुएल आंतोनियो आय या माया नेत्याला वायादोलिदमध्ये मृत्युदंड दिल्यानंतर काही दिवसांतच हे युद्ध भडकले, पुढच्याच वर्षी गाव उठावकऱ्यांच्या हाती गेले, आणि प्रदेशातील संघर्ष विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला.

पर्यटनाचा काळ त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. १९७० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर कानकून हे पर्यटन शहर उभे राहिले, १९८८ मध्ये चिचेन इत्साचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये माया रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. या रेल्वेच्या किनाऱ्याजवळील मार्गावर गुहांमध्ये खांब रोवले गेले, तेव्हा भूजलाच्या काळजीने पाणबुडे आणि शास्त्रज्ञ विरोधात उभे राहिले. त्यांची काळजी रास्त होती, कारण या सच्छिद्र खडकात वरची घाण गाळून घेणारा मातीचा थर फारच पातळ आहे. अनेक सेनोतेंवर पाण्यात उतरण्यापूर्वी अंगाला लावलेले मलम धुऊन टाकायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे: प्रवासी ज्यात पोहतो आणि गावकरी जे उपसून वापरतो, ते पाणी खाली एकमेकांना जोडलेले आहे.